जंगल राखायचे आहे, सरकार काय देईल?

वाचकाचे पत्र : संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित १८ एकर डोंगरजमीन आहे. त्यापैकी सुमारे १२ एकरांवर ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ अशी दाट झाडी असून उरलेला उतार गवताळ वरकस (हलकी, डोंगरउताराची जमीन) आहे. सातबारा सामाईक असून त्यावर चौदा नावे आहेत. एका लाकूड ठेकेदाराने उभ्या झाडीचे उक्ते चार लाख रुपये देऊ केले आहेत आणि भाऊबंदांपैकी बरेच जण तयार आहेत. पुतण्याचे म्हणणे असे की झाडी साफ करून सरकारी अनुदानातून काजू लावावा. माझी इच्छा जंगल राखण्याची आहे. खासगी जंगल राखणाऱ्याला सरकारकडून काही मदत मिळते का? आणि वनखात्याच्या दारात गेलो तर जमीनच जाईल, असे सगळे म्हणतात, ते खरे आहे का? — एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणारे नाही, म्हणून ते आधीच सांगतो. उभे जंगल केवळ राखले म्हणून मालकाला दर वर्षी एकरी ठरावीक रक्कम देणारी सर्वसाधारण सरकारी योजना महाराष्ट्रात आज नाही. झाडांसाठीचे जवळजवळ सगळे सरकारी अनुदान नव्या लागवडीसाठी आहे. खड्डे, रोपे, खते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांची निगा यांचा खर्च त्यातून निघतो. आपल्या पुतण्याला सुचलेला हिशेब याच व्यवस्थेतून येतो आणि कोकणात अनेक कुटुंबांनी तो केलेलाही आहे. परंतु अनुदान मिळावे म्हणून उभी झाडी तोडणे हा माझ्या मते आपल्यापुढचा सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि तो केवळ पर्यावरणाच्या दृष्टीने नव्हे, तर कायद्याच्या आणि पैशाच्या दृष्टीनेही. आपल्या जमिनीसाठी सरकारी मदत मिळू शकते, मात्र ती झाडीच्या जागी काही आणण्यासाठी नव्हे, तर झाडीच्या भोवतीने आणि तिच्या राखणीसाठी घ्यावी लागेल.

त्याआधी जमीन जाण्याच्या भीतीविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण ती दूर झाल्याशिवाय आपण कोणत्याही कार्यालयाची पायरी चढणार नाही. ही भीती निराधार नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी राज्यातील खासगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे त्यांची मालकी शासनाकडे गेली. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५ खाली (खासगी जंगलातील तोडीवर निर्बंध घालण्यासाठी) पूर्वी ज्या मालकांना नोटिसा निघाल्या होत्या, त्यांच्या जमिनीही खाजगी वनाच्या व्याख्येत आल्या, आणि पुष्कळ ठिकाणी सातबाऱ्यावर तशी नोंद अनेक दशकांनंतर चढली. त्यामुळे घर घेतलेल्या सामान्य माणसापासून मोठ्या कंपन्यांपर्यंत अनेकांना न्यायालयात जावे लागले. गोदरेज अँड बॉईस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी स्पष्ट केले की कलम ३५(३) ची नोटीस केवळ काढली गेली, एवढ्यावरून ती जमीन खाजगी वन ठरत नाही. छोट्या मालकांसाठी कायद्यात नंतर कलम २२अ घालण्यात आले. वनजमीन संपादित झाल्यामुळे ज्याची एकूण धारणा १२ हेक्टरांपेक्षा कमी झाली, अशा मालकाला जमीन परत देण्याची तरतूद त्यात आहे. आपली १८ एकर जमीन म्हणजे सव्वासात हेक्टर. तेव्हा आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे त्या काळी काही आदेश झाला होता का, हे शोधणे फार महत्त्वाचे आहे.

यातून ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की जे व्हायचे होते ते १९७५ साली कायद्याने झाले किंवा झाले नाही. आज आपण वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन रोपे मागितली किंवा सल्ला विचारला, म्हणून जमीन नव्याने शासनाकडे जात नाही. उलट नोंदीत काही दोष असेल आणि तो तसाच राहिला, तर तोडीची परवानगी मागताना, वाटणी करताना किंवा पुढच्या पिढीच्या वारसनोंदीच्या वेळी तो हमखास वर येतो. जमीन खाजगी वन आहे की नाही, असा वाद निर्माण झाल्यास त्याची चौकशी करून निर्णय देण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

म्हणून सर्वांत आधी तलाठ्याकडून चालू सातबारा घ्यावा आणि त्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना अक्षर न् अक्षर वाचावा. तेथे ‘खाजगी वन’, ‘राखीव वन’, ‘कलम ३५’ किंवा एखादा फेरफार (नोंदीतील बदल) क्रमांक दिसला, तर त्या फेरफाराची प्रमाणित प्रत मागवावी. संगणकीकृत उताऱ्यावर न आलेली नोंद पुष्कळदा जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर सापडते, त्यामुळे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून १९७० ते १९८५ या काळातील उतारेही काढावेत. जमिनीवर कुळाचे नाव आहे का, पोटखराब्याखाली (लागवडीस अयोग्य म्हणून) किती क्षेत्र दाखवले आहे आणि झाडीचा भाग नेमका कोणत्या गट क्रमांकात व हिश्श्यात पडतो, हे याच वेळी तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु पुढची प्रत्येक योजना, परवानगी आणि करार याच कागदांवर उभा राहतो.

आता पुतण्याच्या सूचनेकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात असे ठरवले की ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातील अर्थाप्रमाणे घ्यायचा आणि जमिनीची मालकी कोणाची आहे हे त्यासाठी पाहायचे नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन त्याची व्याप्ती बदलण्यात आली, परंतु १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने शब्दकोशातील अर्थच तूर्त लागू ठेवला. याच कायद्यात ‘वनेतर वापर’ कशाला म्हणायचे ते सांगितले आहे, आणि चहा, कॉफी, मसाले, रबर यांच्या जोडीने फळबागेची पिकेसुद्धा त्यात स्पष्टपणे नमूद आहेत. म्हणजे आपली १२ एकर झाडी या अर्थाने वन ठरली, तर ती साफ करून काजू लावणे हा केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय करता न येणारा वापर होतो. कृषी खात्याने लागवडीचे अनुदान मंजूर केले, म्हणून ही अडचण टळत नाही. कृषी आणि वन ही दोन स्वतंत्र खाती आहेत. शिवाय पश्चिम घाटातील पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना ३१ जुलै २०२४ रोजी पुन्हा प्रसिद्ध झाली आहे, तिच्यासोबतच्या यादीत आपल्या गावाचे नाव आहे का, तेही पाहून ठेवावे.

ठेकेदाराच्या व्यवहाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे मालकाची फसगत सर्वाधिक होते. धारण केलेल्या जमिनीवरील झाडांवर धारकाचा हक्क असतो, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५ मध्ये आहे. मात्र हक्क असणे आणि हवे तेव्हा तोडता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच यांच्याबरोबर आपल्या जमिनीवरील ऐन, किंजळ आणि जांभूळही आहेत. ही झाडे वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ज्याला वनखात्याच्या भाषेत ‘मालकी प्रकरण’ म्हणतात, त्यात जमिनीच्या हद्दीची खात्री होते, झाडांची मोजणी होऊन त्यांवर क्रमांक पडतात, तोडीनंतर मालावर हातोड्याचा शिक्का बसतो आणि मगच वाहतूक परवाना मिळतो. हे प्रकरण मालकाच्या नावावर चालते. ठेकेदार ‘सगळे कागद मी बघतो’ असे म्हणून कोऱ्या अर्जांवर आणि संमतीपत्रांवर सह्या घेतो, आणि पंचवीस झाडांच्या परवानगीवर दोनशे झाडे पडली, तर खुलासा मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना द्यावा लागतो. झाडांचा घेर मोजल्याशिवाय दिलेली उक्ती रक्कम ही किंमत नसतेच. १२ एकरांवर किती बुंधे आहेत, त्यांतील किती इमारती लाकडाचे आणि किती जळाऊ, हे आपल्यापैकी कोणी मोजले आहे का? नसेल, तर चार लाख हा आकडा ठेकेदाराने त्याच्या सोयीने काढलेला आहे आणि चौदा जणांत वाटल्यावर तो प्रत्येकी तीस हजारांच्याही खाली जातो. भाऊबंदांसमोर हा भागाकार मांडून पाहावा.

आता प्रत्यक्ष मदतीकडे वळू. माझी सूचना अशी की आपण या जमिनीचे मनातल्या मनात नव्हे, तर नकाशावर दोन भाग करावेत : झाडीचे १२ एकर आणि गवताळ वरकसाचे ६ एकर. लागवडीच्या योजना दुसऱ्या भागासाठी वापराव्यात. पूर्वी जेथे नाचणी-वरी होत असे आणि आज केवळ गवत आहे, तेथे झाडे लावण्यात वर सांगितलेली अडचण सहसा येत नाही. कृषी विभागाची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८-१९ पासून सुरू आहे. कोकणात तिच्यासाठी किमान क्षेत्र केवळ १० गुंठे आणि कमाल १० हेक्टर आहे, अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. पुढचे हप्ते झाडे जगण्याच्या प्रमाणावर अवलंबून असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात पाणी घालायला गावात माणूस नसेल, तर पहिल्या हप्त्यापलीकडे काही हाती लागत नाही. या योजनेत काजूबरोबर कोकम, फणस आणि जांभूळही बसतात. झाडीला लागून असलेल्या उतारावर मी काजूपेक्षा कोकमाला पसंती देईन, कारण ते सावलीत वाढते आणि शेजारच्या जंगलाशी त्याचे जमते. रोजगार हमीतून वैयक्तिक जमिनीवर होणारी लागवडही आहे, परंतु तेथे जॉब कार्ड आणि घरातील कोणीतरी प्रत्यक्ष कामावर असणे अपेक्षित असते. ठाण्यात राहून आपल्याला तो लाभ मिळणार नाही, गावात राहणाऱ्या आणि निकषांत बसणाऱ्या एखाद्या हिस्सेदाराला मात्र मिळू शकतो. त्यासाठी ग्रामपंचायतीत चालू वर्षाचे आदेश विचारावेत.

बांबूचा विचार अवश्य करावा. २०१७ साली केंद्राने भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूच्या तोडीला आणि वाहतुकीला झाडांसारखी परवानगी लागत नाही. राष्ट्रीय बांबू अभियान आणि नागपूरचे महाराष्ट्र बांबू विकास मंडळ यांच्यामार्फत रोपांना व लागवडीला साहाय्य मिळते. कोकणात माणगा ही जात मालकी जमिनीवर चांगली रुजलेली आहे; काटे नसलेली, भरीव आणि सरळ काठीची असल्याने तिला गिऱ्हाईकही असते. पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाने आणि वरकसाच्या खालच्या अंगाला तिची एक ओळ लावली, तर जी माणसे आज ‘जंगलातून काय मिळते’ असे विचारत आहेत, त्यांना काही वर्षांनी दर हंगामात थोडेफार उत्पन्न दिसू लागेल. रोपांसाठी तालुक्याच्या सामाजिक वनीकरण कार्यालयाची रोपवाटिका पाहावी. पावसाळ्यात वनमहोत्सवाच्या काळात तेथे सवलतीच्या दरात रोपे मिळतात.

झाडीच्या १२ एकरांसाठी जी मदत आहे, ती रोख स्वरूपाची नाही, पण तिचे मोल कमी नाही. वनपालाला लेखी विनंती करून एकदा जमिनीवर घेऊन जावे आणि झाडांची यादी, हद्दीच्या खुणा आणि जुन्या तोडीच्या जागा त्याच्यासोबत पाहाव्यात. कोकणातल्या बहुतेक मालकी जंगलांत पूर्वी कधीतरी सरसकट तोड झालेली असते, आणि ऐन-किंजळाच्या प्रत्येक बुंध्याला सहा-सहा, आठ-आठ फुटवे दाटीने उभे असतात. ते सगळे राखले, तर एकही धड खोड होत नाही आणि पंधरा वर्षांनीही ते जळाऊच राहते. त्यांतील सरळ, जोमदार आणि जमिनीलगत फुटलेले दोन-तीन ठेवून बाकीचे थंडीच्या दिवसांत धारदार कोयत्याने तिरके छाटले, तर राहिलेल्यांचा घेर झपाट्याने वाढतो; काप उंचावर आणि चिंधड्या उडालेला राहिला, तर त्यात पाणी मुरून बुंधा कुजतो. ही विरळणी नवी लागवड करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ती अनुसूचीतील झाडांची असल्यामुळे आधी लेखी कळवून आणि संमती घेऊनच करावी.

वणव्याची काळजी याहूनही निकडीची आहे, कारण झाडी आणि गवत शेजारी असले की आग गवतातून आत शिरते. जानेवारी संपण्यापूर्वी दोन्हींच्या सीमेवर आणि वाटेच्या बाजूने जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काढून घ्यावी आणि ती कोणत्या दिवशी जाळणार, हे वनरक्षकाला व शेजाऱ्यांना आधी सांगावे. भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडूनची संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगींचे इशारे नोंदणी केलेल्या नागरिकांच्या मोबाइलवर पाठवते. आपण ठाण्यात असल्यामुळे ही नोंदणी आपल्याला विशेष उपयोगी पडेल. वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांकही गावातल्या दोघा-तिघांकडे लिहून ठेवावा.

एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३८ नुसार खासगी जमिनीचा मालक, आणि मालक अनेक असतील तर किमान दोन-तृतीयांश हिश्श्यांचे धारक, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करू शकतात की आपल्या जमिनीचे व्यवस्थापन वन अधिकाऱ्याने आपल्या वतीने, परस्परांनी ठरवलेल्या अटींवर करावे. हा मार्ग आपल्याला लगेच धरा असे मी म्हणणार नाही. एकदा जमीन या व्यवस्थेखाली गेली की तिच्यावर राखीव किंवा संरक्षित वनाचे निर्बंध येतात, म्हणून अटी वकिलाकडून तपासल्याशिवाय अशी सही कोणीही करू नये. तथापि सगळे हिस्सेदार शहरात असतील आणि जमिनीकडे पाहणारे कोणीच उरले नसेल, तर तो विचारात घेण्याजोगा आहे.

सरकारबाहेरचा एक पर्याय आपल्या तालुक्याशी थेट संबंधित आहे म्हणून सांगतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर परिसरात खासगी मालकांशी जंगल न तोडण्याचे करार केले आहेत, आणि बेहड्याची फळे झाडाला इजा न करता गोळा करून प्रमाणित मालाच्या बाजारात पोहोचवण्याचे कामही पश्चिम घाटात उभे केले आहे. आपल्या झाडीत जुने, मोठ्या घेराचे बेहडे असतील, तर त्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. अशी झाडे आपल्या नोंदीत स्वतंत्र लिहून ठेवावीत. कोणताही करार करताना, आणि कार्बन क्रेडिटच्या (झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या मोबदल्याच्या) नावाने येणाऱ्या मध्यस्थाशी बोलताना तर विशेषकरून, जमीन किती वर्षे बांधली जाते, मध्येच बाहेर पडता येते का आणि पैसे कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात जमा होतात, हे कागदावर पाहावे.

चौदा नावांचा प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. सामाईक सातबाऱ्यावर कोणत्याही योजनेला इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते, तसेच तोडीलाही सर्वांच्या सह्या लागतात. म्हणजे आपण सही दिली नाही, तर ठेकेदाराला रीतसर परवानगी मिळणे कठीण आहे. ‘मी माझ्या हिश्श्यातील झाडे तोडण्यास संमती दिलेली नाही’ असे पत्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावाने आजच द्यावे आणि पोचेची प्रत जपून ठेवावी. त्यानंतर भाऊबंदांशी बोलावे, भांडणाने नव्हे, तर ज्यांना पैशांची खरोखर निकड आहे त्यांचा हिस्सा आपण किंवा इतर कोणी विकत घेऊ शकतो का, हे विचारून. एकमत झालेच नाही, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी मागता येते आणि झाडीचा एक सलग तुकडा आपल्या वाट्याला यावा, असा आग्रह धरता येतो. झाडी चौदा पट्ट्यांत चिरली गेली, तर ती राहणार नाही.

पैशाविषयी एक बाब ठेकेदाराने आपल्याला सांगितली नसेल. आपोआप उगवलेल्या जंगलातील झाडांच्या विक्रीचे उत्पन्न शेतीचे उत्पन्न मानले जात नाही. त्यासाठी जमिनीवर मशागत आणि लागवड झालेली असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच ठरवले आहे. त्यामुळे चार लाखांतील आपल्या वाट्यावर आयकराचा प्रश्न येऊ शकतो आणि बैठकीपूर्वी करसल्लागाराला तो विचारून घ्यावा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील मजकूर आणि त्याखालील फेरफार क्रमांक जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, तर जमिनीच्या कायदेशीर स्थितीविषयी मला अधिक नेमके लिहिता येईल.